तीन फ्रेमी, तीन रंग: केरीच्या सायकलींच्या नोंदी

१२ फेब्रुवारी, फोंडा

भाच्याने तिन्ही सायकली टेम्पोतून आणून शेडमध्ये टाकल्या. सेकंडहँड, दोन पुण्याहून, एक बंगळूरहून. गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या केरीला, ताईकडे कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाहुणे उतरतात. पोफळी बघून झाल्या, मिरीचे वेल हुंगून झाले, की साडेदहाच्या सुमारास प्रश्न येतोच, आता काय करायचं? त्यावर भाच्याने काढलेला हा तोडगा. माझ्याकडे कामं दोन: सायकली धडधाकट करणे आणि फ्रेमींना नवा रंग देणे.

आलेला माल असा. पहिली क्रोमोली स्टीलची (मिश्र पोलादाची), नव्वदच्या दशकातली घडण, २६ इंची चाकं, पुढे ८० मिलिमीटर दबणारा फोर्क, लांबलचक स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा), रिमवर दाबणारे ब्रेक. हेड अँगल, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा जमिनीशी करतो तो कोन, मोजला, ७१ अंश. दुसरी अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, २९ इंची, फोर्क १३० चा, हेड अँगल साडेपासष्ट, स्टेम आखूड, हँडल रुंद. तिसरीला भाचा ‘डबल’ म्हणतो, कारण सस्पेन्शन दोन्हीकडे: पुढे १४०, मागे १३०, हेड अँगल ६६. तीही अ‍ॅल्युमिनियमचीच. कार्बन नाही हे बरं, नाहीतर पावडर कोटिंगचा (रंगाची पूड फवारून भट्टीत भाजण्याचा) विषयच संपला असता. त्या भट्टीच्या उष्णतेत कार्बनमधलं रेझिन मऊ पडतं.

भाच्याची रंगांची यादी तयारच होती: निऑन नारिंगी, निऑन हिरवा, निऑन गुलाबी. फ्लुरोसंट रंग उन्हात सगळ्यांत आधी विटतात, ही यादी घडी करून खिशात ठेव म्हटलं. संध्याकाळी ताईचा फोन. “लाल कर रे सगळ्या. मातीचा रंग तोच, धुवायची कटकट नको.” ताईचं म्हणणं वाटतं तेवढं भाबडं नाही. पुढे बघू.

१८ फेब्रुवारी, केरी

रंग ठरवण्याआधी तिन्ही चालवून बघायच्या, हा माझा हट्ट. कारण साधं आहे. पाहुण्याला हेड अँगल कळत नाही, त्याला रंग दिसतो. चारचौघांत सायकली उभ्या केल्या की जी देखणी तीच आधी उचलली जाते. मग नवख्याला जी सांभाळून घेते तिलाच सगळ्यांत देखणा रंग का देऊ नये? आणि जी तापट आहे ती जरा गप्प रंगात राहू दे. यासाठी कुठली सांभाळते आणि कुठली तापते, हे आधी कळायला हवं.

वाट अशी: कुळागराच्या मागून काजूच्या बागेतली चढण, वर सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) सपाट रपेट, कडेने वळून बैलगाडीच्या जुन्या वाटेने उतार, शेवटी व्हाळ (ओढा) आणि शेताचे बांध. सगळं घरच्या किंवा ओळखीच्यांच्या जमिनीतून. म्हादई अभयारण्याची हद्द जवळ आहे, तिकडे सायकल वळवायची नाही हे भाच्याला बजावून ठेवलंय. पाहुण्यांनाही तेच सांगायचं.

स्टीलवर चढण गंमतीची. हलकी, पायडल मारलं की लगेच पुढे. काजूच्या झाडांमधून वळणं घेताना हँडलला नुसता विचार कळतो. सड्यावर मात्र जांभ्याचे सुटे गोल खडे, फरशीवर वाटाणे सांडल्यासारखे. तिथे पुढचं चाक सारखं इकडेतिकडे पळतं आणि लांब स्टेममुळे अंगाचा भार त्याच चाकावर. उतारावर गुडघाभर उंचीची जांभ्याची एक पायरी आहे. तिथे मी उतरलो आणि सायकल हाताने खाली घेतली. भाचा हसला. हसू दे.

हार्डटेल त्याच पायरीवरून सरळ गेली. मोठं चाक पायरीत अडकत नाही, आणि अंग मागे सरकवायला जागा मिळते. पण मागचं चाक उडालं आणि टाचेपर्यंत दणका बसला. काजूच्या मुळांवर चढताना मागचा टायर एकदोनदा फिरला, कारण चाक मुळावरून उसळतं आणि जमीन सोडतं.

डबल चढणीवर जड, हे लपत नाही. पण मुळांवर मागचं चाक जमीन सोडत नाही, त्यामुळे बसल्या बसल्या निवांत चढता येतं. पायरीवर काही झालंच नाही, एवढंच लिहितो. एक गोष्ट मात्र जाहिरातींत कोणी सांगत नाही. सड्यावरच्या सपाट वळणात ही सायकल गुळगुळीत वागते पण पुढच्या चाकावर मुद्दाम भार टाकावा लागतो. आरामात मागे बसून वळवायला गेलं तर चाक खड्यांवर तरंगतं आणि वळण रुंद होत जातं. ‘ढिला (कमी अंशांचा) हेड अँगल म्हणजे चांगली सायकल’ हे उतारापुरतं खरं.

२० फेब्रुवारी, फोंडा

भाच्याला आकडे हवेत. त्याच्यासाठी कागदावर मांडले.

स्टिअरिंगचा अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडतो. मधलं अंतर जितकं जास्त, तितकं चाक आपणहून सरळ राहू पाहतं. स्टीलचं हे अंतर, चाकाची त्रिज्या ३३५ आणि फोर्कचा ऑफसेट (चाकाचा आस स्टिअरिंगच्या अक्षाच्या जितका पुढे ते अंतर) ३८ धरून, साधारण ७५ मिलिमीटर येतं. हार्डटेलचं, त्रिज्या ३७२ आणि ऑफसेट ४४ धरून, १२१. डबलचं ११७ च्या आसपास. म्हणजे कागदावर हार्डटेल सगळ्यांत स्थिर.

प्रत्यक्षात तसं लागलं नाही, आणि याचं उत्तर सॅगमध्ये आहे. माणूस बसला की हार्डटेलचा फोर्क पाव भाग खाली बसतो, बत्तीसेक मिलिमीटर. मागे काहीच बसत नाही. त्यामुळे सगळी सायकल पुढे झुकते आणि हेड अँगल जवळजवळ दीड अंशाने उभा होतो. साडेपासष्टची सायकल चालवताना सदुसष्टची होते. डबल पुढेही बसते, मागेही बसते, म्हणून तिचा ६६ हा ६६ च राहतो. कॅटलॉगमधले आकडे माणूस न बसलेल्या सायकलीचे असतात. दोन सायकली शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

ठरलं. डबलला देखणा रंग, हार्डटेलला दुसरा नंबर, स्टीलला गप्प रंग.

२६ फेब्रुवारी

कोटिंगवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे तुकडे वेगवेगळ्या रंगांत मारून आणले. रंग सांगायला राल क्रमांक वापरायचा. १९२७ पासूनची ही जर्मन पद्धत, आणि औद्योगिक वसाहतीत कुणालाही ‘५०१८’ म्हटलं की डबा बरोबर निघतो. ‘समुद्रासारखा निळसर हिरवा’ म्हटलं तर देव जाणे काय निघेल.

आणलेले: ३०२० लाल, २००४ नारिंगी, १००३ पिवळा, ५०१८ टर्कॉइज, ६००३ ऑलिव्ह, ८००४ तांबूस तपकिरी, ७०१६ गडद करडा. काही चकचकीत, काही मॅट. सगळ्यांना रोज व्हाळाच्या कडेचा लाल चिखल फासायचा, उन्हात वाळवायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा, हे काम भाच्याच्या गळ्यात.

१४ मार्च, केरी

तुकडे चिऱ्यांच्या गडग्यावर मांडून बघितले. सकाळी आठला एकदा, दुपारी एकदा, आणि पोफळींच्या सावलीत एकदा.

ताईचा लाल: धूळ खरोखर दिसत नाही. पण धूळ बसली की लाल मेलेला दिसतो, आणि फोटोत सायकल आणि वाट एक होऊन जातात. ८००४ तपकिरीचं तर विचारूच नका. गडग्यावरचा तो तुकडा शोधायला मला दोनदा बघावं लागलं. सायकल कधीच मळकी दिसणार नाही, पण वेल्डपाशी तडा गेला तर तोही दिसणार नाही. भाड्याने फिरणाऱ्या सायकलीत तडा वेळेवर दिसणं ही पहिली गरज.

पिवळ्यावर चिलटं बसतात. हे गंमतीने लिहीत नाही; बागायतीत चिकट सापळे पिवळेच का असतात ते ताईला विचारा.

मॅटमधले सगळे तुकडे बाद. जांभ्याची माती म्हणजे लोहाचा गंज आणि बारीक चिकणमाती. मॅट पृष्ठभाग भिंगाखाली खरबरीत असतो, त्याच्या खळग्यांत ती जाऊन बसते. भाच्याने घासघासून पुसलेल्या मॅट पिवळ्यावर नखाएवढे तांबूस ढग राहिले होते. चकचकीत तुकडे एका पुसण्यात साफ. मॅट फ्रेमची फॅशन आहे हे मान्य, पण ती सत्तरीतल्या मातीसाठी नाही.

७०१६ दुपारी हाताला चटका देतो. तोही बाद.

टर्कॉइज जिंकला. लाल मातीवर तो उठून दिसतो, पोफळींच्या हिरव्यातही वेगळा राहतो, आणि हलका असल्यामुळे वेल्ड स्पष्ट दिसतात. भाच्याच्या डोळ्यांत चमक, “मामा, हा यतीचा रंग!” सायकली बनवणाऱ्या यती कंपनीची टर्कॉइज ओळख जुनीच. सायकलवाले रंगाला कुळासारखे धरून बसतात. मिलानच्या बियांकी कंपनीचा सेलेस्ते (फिकट निळसर हिरवा) त्याहून कितीतरी जुना. उलट जो ब्रीझने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली खास डोंगरी सायकल बांधली, तिला रंग नव्हताच, निकेलचा मुलामा होता. ती आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. निकेल इथल्या खाऱ्या हवेत कसा टिकतो हा प्रयोग मी दुसऱ्याच्या पैशाने करीन.

वाटणी: डबल टर्कॉइज, हार्डटेल नारिंगी, स्टील ऑलिव्ह. नारिंगी उन्हाळ्यात मातीत थोडा मिसळतो, पण पावसाळ्यात सगळं हिरवं झालं की दुरून तोच दिसणार.

२२ मार्च, फोंडा

जुना रंग काढायचा. खिडक्यांचे सेक्शन करणाऱ्या एकाने सुचवलं, आमच्या कॉस्टिकच्या टाकीत बुडवा, तासात साफ. कॉस्टिक सोडा रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो. खिडकीचा सेक्शन जाड असतो, सायकलच्या नळ्या मधल्या भागात मुद्दाम पातळ केलेल्या असतात. त्यामुळे नको. केमिकल स्ट्रिपर, मग हलकं ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा).

ब्लास्टिंगआधीची कामं, पुढच्या वेळेसाठी लिहून: गिअरचा हँगर (मागचा गिअर टांगायचा तुकडा) काढणे. डबलचे सगळे लिंक आणि बेअरिंग काढून डब्यांत क्रमाने ठेवणे. बीबीखालचा (पायडलचा आस बसतो त्या भागाखालचा) सीरियल नंबर कागदावर उतरवून फोटो काढणे, कारण जाड कोटिंगखाली तो बुजतो आणि उद्या चोरी झाली तर तक्रारीत तोच लागतो. फोर्कचे खालचे पाय काळेच ठेवायचे. ते मॅग्नेशियमचे, आत बुश आणि सील, भट्टीत घालायची वस्तू नव्हे.

कोटिंगवाल्याला तोंडी आणि लेखी सांगितलं: २०० अंशांच्या वर नाही, आणि प्रायमर, रंग, क्लिअर मिळून भट्टीच्या फेऱ्या कमीत कमी. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमला ताकद येते ती सुमारे पावणेदोनशे अंशांवर तासन्‌तास मुरवून. त्याच्या वर फार वेळ ठेवलं की ती उतरायला लागते. वीस मिनिटांनी काही बिघडत नाही, पण दुपारच्या जेवणाला गेलेला माणूस वीस मिनिटांत परत येतोच असं नाही. वरचा थर पॉलिएस्टर पावडरचा हवा. नुसत्या इपॉक्सीचा रंग उन्हात पांढरट पडून भुकटी सुटते. स्टीलला खाली झिंकयुक्त प्रायमर.

२ एप्रिल

फ्रेमी आल्या. रंग सुरेख, खोटं कशाला बोलू. टर्कॉइजवर ट्यूबलाइट धरली तर तिची रेघ सरळ दिसते, संत्र्याच्या सालीसारखे खळगे नाहीत.

पण बीबीच्या आट्यांवर लावलेला मास्किंग टेप हार्डटेलवर अर्धा सुटलेला, आणि पावडर आत जाऊन भाजली गेलेली. बोटाने चाचपलं तर आटे गुळगुळीत. कोटिंगवाला म्हणाला, “बोल्ट जोरात फिरवा, आपोआप साफ होतील.” भाजलेली पावडर आट्यांत असताना जोरात फिरवलं तर अ‍ॅल्युमिनियमचे आटेच निघून हातात येतात. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणून दोन्ही बाजू साफ केल्या. बीबीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून टॅपही जोडीतला योग्य घ्यावा लागतो. तेल सोडायचं, अर्धा वळसा पुढे, पाव मागे. आधी भुकटी नव्हे, नारिंगी धाग्यांसारखी लांब सालं बाहेर आली, नंतर चंदेरी आटा दिसायला लागला. तिथेच थांबायचं. चंदेरी कीस यायला लागला तर टॅप धातू कापतोय. हेडट्यूबच्या (स्टिअरिंगचा दांडा जातो त्या नळीच्या) कडेवरही रंग जाड होता, तो खरवडून सपाट केला. नाहीतर हेडसेटचे (तिथल्या बेअरिंगचे) कप तिरके बसतात आणि मग वर्षभर हँडलमधून कटकट येत राहते.

स्टीलच्या नळ्यांच्या आत जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळीकडे फिरवली आणि उलटी टांगली. गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतून बराच पुढे गेलेला असतो, मग वरचा रंग कुठलाही असो. बीबीखालचं भोक मोकळं आहे ना तेही बघितलं. पावसाळ्यात सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं.

२० एप्रिल

जोडणी. बाकी सगळं नेहमीचं, एक गोष्ट सोडून. डबलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला निघाला. इथे स्कूटर, मोटरसायकल, सायकल, सगळ्यांवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला. पाहुण्याने सवयीने डावा, म्हणजे मागचा समजून, उतारावर करकचून दाबला की तो हँडलवरून पुढे. हायड्रॉलिक पाइप बदलून, तेल भरून, हवा काढून दोन्ही लिव्हर उलटवले. तिन्ही सायकलींवर आता पुढचा उजवा.

स्टीलचं लांब स्टेम काढून आखूड लावलं. हँडलही थोडं रुंद. स्वभाव बदलत नाही, पण भार जरा मागे येतो.

६ मे, केरी

ट्यूबलेस केल्या, स्टील सोडून. करवंदीचे काटे आणि बांबूचे सड यांपुढे ट्यूब टिकत नाही. सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारा द्रव) उन्हाळ्यात भराभर सुकतं, तेव्हा दर दीड-दोन महिन्यांनी बघायचं. हवा २२ पीएसआयच्या आसपास, सत्तर किलोच्या माणसाला.

तिन्ही अंगणात उभ्या केल्या. भाच्याचे मित्र आले होते, त्यांना काहीच सांगितलं नाही. पहिला हात टर्कॉइजवर, दुसरा नारिंगीवर. ऑलिव्ह भिंतीला टेकून राहिली. एकजण फिरून आला आणि म्हणाला, नारिंगी जास्त पळते. चढणीवर पळणारच, डबलपेक्षा ती हलकी आहे. पण त्याने श्रेय रंगाला दिलं. मी दुरुस्त केलं नाही.

१६ जून, केरी

पाऊस लागला. जांभ्यावर शेवाळाचा पहिला थर आलाय, दिसत नाही, पण पायाला कळतो. या दिवसांत फ्रेमींची तुलना करण्यात अर्थ नाही. सगळं टायरच्या रबरावर आहे. हार्डटेलच्या पुढच्या चाकाला मऊ रबराचा, उंच दातांचा टायर घातला आणि तिची भीती निम्मी झाली. एवढा फरक हेड अँगलमध्ये एक अंश इकडेतिकडे करून पडला नसता.

स्टीलचे रिमब्रेक लाल चिखलात निकामी. चिखल रबरी पॅडवर बसतो आणि रिम सॅंडपेपरने घासल्यासारखा झिजतो. पाऊस असेपर्यंत ऑलिव्ह फक्त डांबरी रस्त्यावर, अंजुणे धरणापर्यंत आणि परत. बोर्ड लिहून टांगला.

रंग मात्र तिन्ही चिखलातून धुऊन पहिल्यासारखे. टर्कॉइजवर चेनस्टेजवळ (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीजवळ) एक टवका गेलाय, चेन आपटून. तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

२८ जून

पहिले खरे पाहुणे. साताऱ्याकडचं एक कुटुंब. मुलगी टर्कॉइजवर, तिचा भाऊ नारिंगीवर, ठरल्याप्रमाणे. वडील फौजेतून निवृत्त. ते थेट भिंतीकडे गेले, ऑलिव्हची सीट थोपटली आणि म्हणाले, “हा आपला रंग.” भाच्याने माझ्याकडे बघितलं. सगळा हिशेब नवख्यांसाठी केला होता, फौजी गृहीत धरला नव्हता. बोर्ड दाखवला. ते धरणापर्यंत डांबरी रस्त्याने गेले, तासाभराने परत आले आणि गादी दोन बोटं वर करून मागितली.

उरलेली कामं: डबलच्या शॉकमध्ये वजनाप्रमाणे किती हवा ते पत्र्यावर लिहून स्टँडला लावणे. ऑलिव्हला गंजरोधक सीटपोस्ट ग्रीस पुन्हा एकदा, अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये या दमटपणात अडकून बसतो. हार्डटेलचे मागचे ब्रेक पॅड. आणि भाचा म्हणतो ऑलिव्हसारखी आणखी एक बघून ठेवूया, या वेळी डिस्क ब्रेकवाली.